आक्का येळवसला जेवली नाही

मी हैदराबादला नशापाण्याचं शिकते, असं जळकोटातल्या निम्म्या लोकांना वाटतं आणि बाकीच्या निम्म्यांना त्याची खात्रीच आहे. हा पराक्रम आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा. पारावर कुणी विचारलं, तुमची बारकी काय शिकायलीय, की दादा मान ताठ करून सांगणार, "मेंदूवर शिकती. औषध घातल्यावर मेंदू कसा भिर्र होतो ते बघती." झालं. त्या एका भिर्रनं माझी सगळी मेहनत पाण्यात घातली. सुट्टीला आले की फाट्यावरचे म्हातारे माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसतात. एकानं तर हळूच विचारलंही होतं, "काय गं, येताना वानवळा आणतीस का न्हाय?"

खरं काय ते सांगून टाकते. काचेच्या चपट्या ताटलीत मेंदूच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर उत्तेजक औषध सोडायचं आणि त्यांचं पुढं काय होतं ते बघायचं, हे माझं काम. ही औषधं झोप उडवतात, भूक मारतात, आपल्यात चौघांचं बळ आलंय असं माणसाला वाटायला लावतात. ते बळ फुकट येत नाही. पेशीला आतून ताण पडतो, तिची आतली कामं तुंबतात आणि मग ती ताण निभावायला काही ठरावीक उपाय करते. ते उपाय कुठले, कधी चालतात, कधी फसतात, यावर माझा प्रबंध. आता एवढं सगळं पारावर कोण ऐकून घेणार? भिर्र सोपं पडतं.

तर त्या वर्षी येळवसला घरी आले तेव्हा मी स्वतःच भिर्र होते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण सरांच्या टेबलावर पडलेलं, सरांनी चक्क "बरं जमलंय" म्हटलेलं, आणि सरांच्या तोंडून बरं हा शब्द निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं. हैदराबादची बस फाट्यावर थांबायच्या आधीच मी दारात उभी. कंडक्टर म्हणाला, "ओ मॅडम, उतरा की दमानं." दम कुणाला होता? येळवस होती, मी मोकळी होते आणि मला भूक लागली होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, ज्वारीची ताकातली आंबील शिवारभर शिंपडायची आणि मग जेवायचं. जेवायचं म्हणजे कसं, तर आपल्या रानात जेवायचं, मग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जेवायचं, मग रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून त्याला जेवायला घालताना त्याच्याबरोबर परत जेवायचं. पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, शेंगाच्या पोळ्या, वर तांब्यानं आंबील. मधुमेहवाले त्या दिवशी मधुमेह घरी ठेवून येतात. येळवसला न जेवणं आमच्याकडं वाईट समजत नाहीत, कारण तसं कुणी कधी केलेलंच नाही.

घरी आई, दादा, काका, काकू आणि माझी आक्का. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. दोनदा तिची भरती थोडक्यात हुकलेली. ही तिसरी, आणि वयाच्या अटीमुळं शेवटची. दादांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ह्या खेपेला झालं तर वर्दी, न्हाय तर स्थळ." आक्काला वर्दी पाहिजे होती. इतकी पाहिजे होती, की सकाळी हायवेच्या कडेनं पळताना ती ट्रकवाल्यांकडंसुद्धा हवालदाराच्या नजरेनं बघायची. येळवसनंतर पंधरवड्यात धाराशिवला मैदानी चाचणी होती. आठशे मीटर पळण्यात तिचा सगळा जीव अडकला होता.

आदल्या दिवशी दुपारी मी घरात पाऊल ठेवलं तेव्हा स्वयंपाकघरात वादळ आलेलं आणि त्या वादळाचं नाव आक्का. एका हातानं कणीक मळायली, दुसऱ्या हातानं शेंगादाण्याचा कूट आणि गूळ कालवायली, तोंडानं मला बातम्या सांगायली, तेवढ्यात उठून उंडे उकडलेत का बघून आली, अंगण झाडून आली, परत बसली. आई माझ्या कानात म्हणाली, "पंधरा दिस झालं, अशीच करायलीय. देवानं कुठून उरक दिला काय म्हाईत." आईच्या डोळ्यांत नुसतं कौतुक.

मीही ओढणी खोचून लाटायला बसले आणि तिथंच मजा झाली. आक्का सारण भरून गोळे पुढं सारायची, काकू आणि मी लाटायचो, आई तव्यावर. पण आक्काचा वेग असा, की आमच्या पुढं गोळ्यांचा ढीग पडायला लागला. ढीग बघून आम्ही घाई केली. घाईनं पोळ्या फुटायला लागल्या. फुटलेल्या पोळीचा गूळ तव्यावर सांडला, तवा करपला, करपलेल्या तव्यावर पुढच्या पोळ्या चिकटल्या. आई धुरात खोकायली आणि आक्का आणखी गोळे सारायलीच. शेवटी काकूनं लाटणं आपटलं.

"आता एक बी गोळा नगं," काकू म्हणाली. "चूल बारीक करा. आधी हे फुटलेलं निस्तरा. शेजारच्या दोघींना बोलवा हाताखाली. सरळ झालं तर पुन्हा चूल पेटवू, न्हाय तर आज पोळ्याच बंद."

मी पीठभरल्या हातानं कपाळ धरून हसत सुटले. सगळ्यांना वाटलं प्रवासानं डोकं फिरलं. पण काकूनं माझा प्रबंध चार वाक्यांत सांगितला होता. पेशीच्या आतही असा एक कारखाना असतो. तिथं प्रथिनं तयार होतात आणि त्यांना नीट घडी घालून पुढं पाठवावं लागतं. उत्तेजक औषध आलं, की पेशीवर इतका मारा होतो की घड्या चुकतात, चुकलेला माल साठतो. मग पेशी आधी नवा माल थांबवते. मग निस्तरायला मदतनीस प्रथिनं बोलावते. तेवढ्यानं भागलं तर काम पुन्हा सुरू. नाही भागलं, ताण चालूच राहिला, तर ती स्वतःलाच बंद करून टाकते. हे मी काकूला मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. काकू म्हणाली, "एवढं कळायला हैदराबादला कशाला जावं लागतंय गं? पीठ चाळ."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी आम्ही रानात पोचलो. थंडी चांगलीच होती. ज्वारी डोक्याएवढी, हरभऱ्याला घाटे लागलेले, सगळ्या शिवारात कोपी आणि धूर आणि हाका. पूजा झाली. आता आंबील शिंपडायची. ते काम खरं तर काकांचं, पण आक्कानं मडकं उचललं आणि ओलगे ओलगे असा येळवसचा घोष करत कोपीभोवती फेरे धरले. पाच फेरे झाले तरी थांबेना. मग ती पिकात घुसली. धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या कडेनं पळत, आंबील उडवत तिनं आमचं सगळं रान पालथं घातलं. काका तिच्यामागं पळता पळता धोतरात अडकून बसले. आक्का बांधावर पोचली आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानातही शिंपायला लागली.

आता हे शेजारी म्हणजे आमची भाऊकी. बांधावरून काकांचं आणि त्यांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झालेली. येळवसलासुद्धा दोन्ही कोपी एकमेकींकडं पाठ करून असायच्या. आक्का त्यांच्या कोपीला फेरे घालून आली, येताना त्यांची सगळी माणसं तिच्यामागं आली. काय चाललंय कुणालाच कळेना, आणि मला तर हसू आवरेना.

आई पत्रावळी मांडत होती. आक्काला म्हणाली, "बस बाई, दमलीस. जेव."

"भूक न्हाय," आक्का म्हणाली.

एवढा गलका चाललेला, तो थांबला. काकांचा पाण्याचा तांब्या हातात राहिला. आई म्हणाली, "भूक न्हाय म्हंजे?" आक्का म्हणाली, "न्हाय म्हंजे न्हाय. वासच नको वाटायलाय." थंडीच्या दिवसात तिच्या कपाळावरून घाम चाललेला, डोळे लकाकायलेले, दात एकमेकांवर घासायली. काकूनं तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि म्हणाली, "आगं बया. आईसाहेब आल्यात."

आम्ही तुळजापूर तालुक्यातली माणसं. आमच्याकडं देवी कुणाच्या अंगात येणं ही काही बातमी नाही. कुणी हळदीकुंकवाची डबी काढली, कुणी नारळ आणला, आई राजा उदं उदं सुरू झालं. आक्काच्या कपाळावर मळवट भरला. ती आधी गोंधळली, माझ्याकडं बघितलं, आणि मग एकदम ताठ बसली. आक्का लहानपणापासून नकला फार छान करते. मला वाटलं, झालं, आता ही सगळ्यांची फिरकी घेणार. मी ओढणी तोंडात कोंबून पुढं सरकून बसले.

पहिले काका आले. "आईसाहेब, तिसरा बोअर घेऊ का नगं?"

"दोन कोरडे गेले न्हवं?" आक्का म्हणाली. "मग तिसऱ्यात काय दूध लागणार हाय? गप बसा." काकांनी कान पकडले आणि मागं झाले.

मग भाऊकीतली वहिनी पुढं आली. कितीतरी वर्षांनी आमच्या कोपीत आलेली. म्हणाली, "आमचं काय चुकतंय ते तरी सांगा, आई."

"तुमचं न्हाय चुकत. आमच्या काकाचं चुकतंय. दरसाल नांगरताना वीतभर बांध कोरतेत."

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. देवीशी भांडायचं कसं? त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, आणि वहिनीनं आक्काच्या पुढ्यात नारळ ठेवला. तिचा नवरा काकांच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसला. एवढ्या वर्षांचं वैर दोन पत्रावळींत मिटलं. मी हसून हसून रडायच्या बेतात.

शेवटी दादा आले. दादा तसे देवभोळे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज मऊ झाला. "आई, थोरलीचं काय करू? औंदा लगीन उरकावं म्हणतो."

आक्का म्हणाली, "पळायलीय न्हवं ती? मग पळू द्या की. आडवं कशाला पडता?"

दादांनी मान खाली घातली. मला वाटलं आता अति होतंय, कुणाला तरी संशय येणार. तिला बास कर सांगायला मी पुढं झुकले आणि तिचं मनगट धरलं.

मनगट धरलं आणि माझं हसू तिथंच संपलं. तिची नाडी धावत होती. बसलेल्या, सावलीतल्या बाईची नाडी अशी धावत नाही. मी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं. भर दुपारी बाहुल्या रुंद. घाम, ताप, दात खाणं, भूक मेलेली, पंधरा दिवसांचा उरक, न थांबणारी जीभ. ही सगळी यादी माझ्या पाठ होती. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मीच ती टाईप केली होती.

मी उठून उभी राहिले आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. "आईसाहेबांना एकांत पाहिजे," म्हटलं. "कोपीत कुणी थांबायचं नाही." दादांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी कधी उदबत्तीही लावत नाही. पण काकूनं एका हातानं सगळी जत्रा बांधापर्यंत ढकलून नेली.

कोपीत आम्ही दोघी आणि पाच पांडव. मी म्हटलं, "काय घेतलंयस?"

आक्कानं ट्रॅकपँटच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टीवरचं नाव कात्रीनं कापून टाकलेलं. मैदानावर सराव करणाऱ्या एका पोरीनं दिली होती. सगळ्याच घेतात, पाय हलके होतात, अभ्यासाला झोप येत नाही, असं सांगून. आत नेमकं काय होतं ते मलाही बघून सांगता येणार नव्हतं. पण गोळीचं कूळ मी ओळखलं होतं.

मी तिच्यावर खेकसले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत खेकसले, आणि ते फार अवघड असतं. अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. नाव कापलेली गोळी कुणी तोंडात घालतं का? चाचणीत घावलीस तर जन्माची बाद होशील, आणि त्याच्या आधी पळता पळता छाती बंद पडली तर वर्दी कुणाला घालायची?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वरडू नगंस. तुझ्याच भरवशावर घेतली म्या."

"माझ्या?"

"तू ह्याच्यावरच शिकतीस की. दादाच सांगतेत. आपली बारकी एवढी वर्षं ह्याच्यावर शिकायली, सरकार तिला पैसं देतंय म्हणल्यावर औषध वाईट कसं असंल? पिकावर शिकणारे पीक वाढवतेत, जनावरांवर शिकणारे जनावरं बरी करतेत. तू भिर्र करण्यावर शिकतीस. म्हणलं येळवसला आलीस की इचारावं, जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर."

मी खाली बसले. हसावं का रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. माझी सख्खी बहीण माझ्यावर विश्वास टाकून तेच खात होती, जे खाल्ल्यावर काय वाटोळं होतं ते बघायला मी घर सोडून गेले होते. असा राग आला होता म्हणून सांगू. दादांच्या भिर्रचा, त्या पोरीचा, कात्रीचा, सगळ्यांचा.

मग तिला मी सगळं सांगितलं. कालच्या पोळ्या आठव, म्हटलं. गोळी म्हणजे तू. गोळे सारत सुटलेली. मेंदूतल्या पेशी म्हणजे आम्ही लाटणाऱ्या. तुला वाटतंय तुझ्यात बळ आलंय, पण आत चूल बारीक करा, चूल बारीक करा असा आरडाओरडा चाललाय, आणि तू रोज सकाळी उठून आणखी एक गोळी सारायलीस.

आक्कानं पट्टीतली रिकामी घरं बोटानं चाचपली. मग म्हणाली, "आन् सारायची बंद केली तर? निस्तरतंय का सगळं?"

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. थोड्या दिवसांचंच असेल तर बरंचसं सावरतं, असं इतरांनी लिहिलंय. पण ती मला विचारत होती, मी काय बघितलंय. आणि मी ते बघितलेलं नव्हतं. माझ्या ताटल्यांत औषध घालायचं, ताण मोजायचा, मोजलं की ताटली टाकून द्यायची. औषध बंद करून पेशींना विश्रांती द्यायची आणि थांबायचं, हे माझ्या प्रबंधात नव्हतंच.

"मी कधी थांबून बघितलं न्हाय," म्हटलं.

"मग आता बघ," आक्का म्हणाली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "पर माझं ग्राउंड गेलं तर तुला जित्ती ठेवत न्हाय."

पुढचे दिवस विचित्र गेले आणि त्यातही देवीनंच सांभाळून घेतलं. गोळीचा जोर उतरला तशी आक्का आडवी झाली. दिवस दिवस झोपायची, उठली की रडायची, कशातच मन नाही. दुसरं घर असतं तर कुणी तरी म्हटलं असतं, काय हे ढोंग. पण काकूनं हुकूम काढला होता, "देवी येऊन गेल्यावर बाई दमतीच. तिला उठवायचं न्हाय." दारात चपला वाजवायला बंदी. टीव्ही बंद. उठली की गरम खीर, दूध, भाकरी, आणि समोर बसून खायला लावणार. डॉक्टरनं कागदावर लिहून दिली असती तरी एवढी विश्रांती आमच्या घरात कुणाला मिळाली नसती. लग्नाचा तर दादांनी शब्द काढला नाही.

डॉक्टरकडंही आम्ही गेलो होतो. ओटी भरायला तुळजापूरला जातो म्हणून निघालो आणि वाटेत नळदुर्गला उतरलो. डॉक्टरीणबाईंनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, गोळ्यांची पट्टी उलटी सुलटी करून बघितली आणि स्वतःकडं ठेवून घेतली. हृदय ठीक आहे म्हणाल्या. पुन्हा घेऊ नको, झोप, खा, पाणी पी, हळूहळू पळ, छातीत धडधडलं तर तडक इकडं ये. मग मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, शिकते. जास्त खोलात गेले नाही. तिथून खरंच तुळजापूरला जाऊन आम्ही ओटी भरली, आणि आक्कानं हात जोडून देवीची माफी मागितली. किती वेळ मागत होती ते मला माहीत, कारण माझ्यामागं रांगेतल्या बाया ढकलत होत्या.

सरांना मी फोन करून सुट्टी वाढवली. आठवड्यानं आक्का परत हायवेला पळायला गेली. मी तिच्याबरोबर. मला पळता येत नाही. दुसऱ्या खांबाजवळ मी वाकून उभी, तिसऱ्या खांबाजवळ आक्का वाकून उभी. "पाय माझे ऱ्हायलेच न्हाईत," ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. गोळीवर ती जेवढ्या वेळात फाटा गाठायची, तेवढ्यात आता शाळेपर्यंतही पोचत नव्हती. तिनं माझ्याकडं पट्टी परत मागितली. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंकडं आहे. तिनं मला अशी शिवी दिली, की पलीकडं शेळ्या चारणारा म्हातारा उठून उभा राहिला. शिवी ऐकून मला इतका आनंद झाला. पेटलेली आक्का बऱ्याच दिवसांनी दिसली होती.

दुसऱ्या दिवशी ती चौथ्या खांबापर्यंत गेली. मग पाचव्या. ज्या दिवशी शाळा मागं टाकली, त्या दिवशी घरी येऊन तिनं मागून भाकरी घेतली. काकूनं माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावला.

चाचणीच्या सकाळी मी धाराशिवच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभी होते. आत पोरी छातीवर नंबर लावून रांगेत. निकाल नंतर लागला आणि आक्का लेखी परीक्षेला पात्र ठरली, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. लेखीचं पुढचं पुढं. मला सांगायचंय ते त्या जाळीजवळचं.

शिट्टी झाली. आक्का मधल्या घोळक्यात. पहिल्या फेरीत दोघींनी तिला मागं टाकलं आणि माझे हात जाळीत रुतले. दुसऱ्या फेरीत ती एकीच्या पुढं गेली, मग आणखी एकीच्या. शेवटच्या वळणावर तिचा वेग पडला. मी ओरडले, आमच्या काकूला शोभेल अशा आवाजात, आणि शेजारचा हवालदार दचकला. ती रेघेपलीकडं आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि तिची वेळ पुकारली गेली. पुरेशी होती. कशीबशी, पण पुरेशी.

ती लंगडत जाळीपाशी आली. तोंड लाल, श्वास लागलेला. मी जाळीतून बोटं घालून तिचं मनगट धरलं. नाडी धावत होती, आणि मी बोटं तशीच ठेवली. हळूहळू ती उतरायला लागली. मी आतापर्यंत ताणात सापडलेलं इतकं काही बघितलंय, पण सावरणारं काही हाताला लागलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

"गोळीवर ह्याच्यापेक्षा बिगी पळत व्हते," आक्का म्हणाली.

"हं."

"पर तवा कवा निघाले आन् कवा पोचले, काई ध्यानात ऱ्हायचं न्हाय. आज सगळं ध्यानात हाय." आणि ती सांगायला लागली. पहिल्या वळणावर चुन्याची रेघ पुसलेली होती, डाव्या बुटाची नाडी सैल होती, पुढच्या पोरीच्या वेणीला निळी रिबन होती, शेवटच्या वळणावर पोटरीत गोळा आला तेव्हा ती आईचं नाव घेऊन पळाली होती. बोलता बोलता तिला हुंदका आला.

"आज म्या पळाले," ती म्हणाली. "म्या."